धोंड्याचं वाण जंगलात

शिवमूर्ती आप्पाला वाघ बघायचा नव्हता, हे मी आधीच सांगून ठेवतो. कारण नंतर गल्लीत लोकायनी काहीबाही उठवलं, की म्हातारपणी आप्पाला जंगलाचा नाद लागला. आवो, ज्या माणसाची उमर लातूरच्या बाजारात बारदाना इकण्यात गेली, डाळमिलवाल्यायला रिकामी पोती मोजून देण्यात गेली, त्याला वाघ बघून काय करायचंय? वाघ काय पोतं घेतो? आप्पाला जावई बघायचा होता. आन जावई चार महिने झाले दिसून नव्हता राहिला.

अक्षरा, आप्पाची एकुलती एक पोरगी, संक्रांतीच्या पुढं मामेभावाच्या लग्नाला म्हणून हैदराबादहून आली. लग्न झालं, मांडववाला आपल्या खुर्च्या घेऊन गेला, नवरा-नवरी देवदर्शन करून परत बी आले, तरी अक्षरा घरीच. जावई संगमेशराव तिकडं एका मोठ्या कंपनीत. त्यायचं म्हणणं, ती आपल्या पायानं गेली, आपल्या पायानं येईल. अक्षराची आई नागम्मा म्हणायची, न्यायला माणूस आल्याबिगर आमची पोरगी उंबरा वलांडत न्हाई, आमच्या भालकीकडं तसली रीतच न्हाई. अक्षराचं म्हणणं कुणी इचारलं न्हाई. घरात म्हणणारे आधीच लई झाले होते.

एकदा आप्पानं धीर करून इचारलं, "भांडण झालं का गं?"

"न्हाई आप्पा. भांडायला माणूस घरी पायजे की."

"मग कुठं ऱ्हातेत?"

"सोमवार ते शुक्रवार कंपनीत. शनवार-रविवार जंगलात. वाघाचे फोटो काढायला."

आप्पा एकदम निवांत झाला. दारू न्हाई, पत्ते न्हाई, बाई न्हाई. जंगल. जंगल काय वाईट हाय? ऋषीमुनी बी जायचे.

गल्लीला मात्र निवांत वाटून नव्हतं राहिलं. समोरची केवळाबाई रोज सकाळी अंगणात पाणी मारता मारता आवाज द्यायची, "अक्षरा, हायेस का गं अजून?" आता डोळ्यासमोर उभी असलेली पोरगी हाय का न्हाई हे इचारायचं कारण काय? पण रोज. आप्पा दुकानाची चावी घेऊन निघाला की मागून हे ऐकू यायचं आन त्याला चप्पल सापडायची न्हाई. जावयाला फोन करून "या" म्हणावं तर मान खाली जाती. न म्हणावं तर केवळाबाई.

अशा वक्ताला शेजारचे शेषेराव कामाला आले. शेषेराव एसटीतले रिटायर कंडक्टर. अख्खा मराठवाडा त्यायनी उभ्यानं बघितलेला, म्हणून त्यायला सगळं म्हायती होतं. ते म्हणाले, "आप्पा, यंदा अधिक महिना हाय. जावयाला धोंड्याला बोलवा. धोंड्याला बोलावणं म्हणजे पोरीसाठी बोलावणं होत न्हाई. ते रीतीचं बोलावणं. तुमची मान जागच्या जागी. पाय धुवा, वाण द्या, जेवू घाला, आन निघताना पोरगी मागच्या सीटवर बसवून द्या. डबल बेल."

आप्पाला हे लई पटलं. रीतीचं असंच हाय बघा, तिच्या नावानं माणूस किती बी वाकला तरी वाकल्यासारखा दिसत न्हाई.

त्यानं फोन लावला. जावई म्हणाले, "मामा, लातूरला यायला नाही जमणार. सुट्टी दोनच दिवस आहे आणि ती वाघासाठी ठेवलीय. मी आणि दोन मित्र किनवटच्या पलीकडच्या अभयारण्यात येतोय. तुम्हीच या ना तिकडं. धोंडा-बिंडा काय ते तिथंच करू. जिप्सीत तीन सीट रिकाम्या आहेत, नावं ऑनलाईन टाकून द्या."

"आन अक्षरा?"

"तीनमध्ये ती आलीच की. येताना घेऊन या."

आप्पानं फोन ठेवला आन नवराबायको त्या वाक्याला चोळत बसले. नागम्मा म्हणाली, "घेऊन या म्हणले, म्हणजे पुढं मी घेऊन जातो असंच झालं की." आप्पा म्हणाला, "दुसरा अर्थच निघत न्हाई." अक्षरा तिथंच शेंगा फोडून राहिली होती. तिला निघत होता दुसरा अर्थ, पण ती शेंगा फोडत राहिली.

मग सुरू झाली तयारी. शेषेराव चष्मा कपाळावर घेऊन मोबाईलात घुसले. नाव झालं, वय झालं, आधार झालं. पुढं आलं, भारतीय का परदेशी.

"वहिनीचं माहेर कुठलं?"

"भालकी."

"भालकी आली कर्नाटकात. म्हणजे आपल्या राज्याच्या भायेर." शेषेराव इचारात पडले. "सरकारी कामात खोटं नको आप्पा. उद्या गेटवर पकडलं तर?" आन त्यायनी नागम्माच्या नावापुढं परदेशीवर बोट ठेवलं. आप्पाला थोडं खटकलं, पण ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्याची तिकिटं फाडली त्याला तिकिटातलं आपण काय शिकवायचं?

शेषेरावांनी आसपासचं बी सगळं लावून दिलं. "जाताना उनकेश्वर. गरम पाण्याचे झरे हायेत, अंघोळ करा, गुडघे नव्यासारखे होतेत. येताना सहस्रकुंड. काय धबधबा हाय आप्पा! उभं ऱ्हायलं की समोरच्या माणसाचं बोलणं ऐकू येत न्हाई." त्यायनी तो धबधबा भर पावसाळ्यात बघितला होता. हे त्यायनी सांगितलं न्हाई, आन आप्पानं बी इचारलं न्हाई.

नागम्मानं तेहतीस अनारसे तळले, पुरणाचे धोंडे केले, पितळी परात घासली, निरांजन, फुलवाती, तुपाची वाटी, काडीपेटी, पाट, गडवा, विभूती, जावयाचा पोशाख, सगळं बांधलं. जीपवाला व्यंकटी बघतच राहिला. "अव्वा, घर हलवायलो का?" त्याच्या जीपला एसी होता. थंड होत नव्हता, पण होता.

"मोठी बॅग घे," नागम्मा अक्षराला म्हणाली.

"दोन दिवसाला?"

"घे म्हणते ना."

मोठी बॅग भायेर निघाली तशी केवळाबाईच्या हातातली बादली तिथंच थांबली. "जातीस का गं सासरी?"

"जंगल बघायला चाललोत सगळे," नागम्मा म्हणाली.

"जंगल बघायला एवढी मोठी बॅग?"

"वाघाचं काय सांगता येतंय मावशी," व्यंकटी म्हणाला आन त्यानं जीप काढली.

नांदेड ओलांडलं तसं ऊन अंगावर येऊन बसलं. उनकेश्वरला पोचेपर्यंत दुपार. मे महिन्याच्या दुपारी गरम पाण्याच्या कुंडात उतरणारा माणूस कसा असतो ते व्यंकटीनं त्या दिवशी पयल्यांदा बघितलं. आप्पाला वाटलं, इथवर आलोत तर गुडघ्याचं काम उरकून घ्यावं. आत गेला तर आत तेच, भायेर आला तर भायेर बी तेच. भायेर आला तेव्हा सोललेल्या बीटासारखा दिसत होता. नागम्मानं इचारलं, "गुडघे?" आप्पा म्हणाला, "आता गुडघ्यासकट सगळंच दुखायलं."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी आप्पानं लॉजवर आपली लिंगपूजा उरकली आन मंडळी जंगलाच्या गेटावर हजर. जिप्सीच्या गाड्यायची लाईन लागलेली. तिथं जावई उभे. अंगात झाडाच्या रंगाचे कपडे, टोपी बी झाडाची, पायात पोटरीपर्यंत लेस असलेले बूट, गळ्यात कॅमेरा नळकांडीएवढा.

"शरणार्थ, शरणार्थ," आप्पा हात जोडून पुढं झाला.

"शरणार्थ मामा." मग जावई अक्षराकडं वळले. नागम्मानं नवऱ्याला कोपरानं ढोसलं. चार महिन्यानं नवरा बायकोशी बोलणार, आता बघा.

"उशी आणलीस ना?" जावई म्हणाले.

"कसली?"

"कॅमेऱ्याखाली ठेवायची, वाळूची. मेसेज केला होता, लातूरहून शिवून आण म्हणून."

"मला न्हाई आला मेसेज."

"म्हणजे एक काम सांगितलं होतं," जावई मित्रायकडं बघून हसले. मित्र बी हसले. आप्पा बी हसला, कारण सगळे हसून राहिले होते. म्हणाला, "आवो, मला म्हणायचं होतं. दुकानात पोतीच पोती, दहा शिवून आणल्या असत्या."

खिडकीपाशी कागद बघणारा साहेब होता. त्यानं यादी वाचली आन मान वर केली. "नागम्मा कोण? पासपोर्ट दाखवा."

"कशाचा?" नागम्मा म्हणाली.

"परदेशी लिहिलंय तुम्हाला. कोणत्या देशाच्या?"

"भालकीच्या."

साहेबानं डोळे मिटले, उघडले. नागम्माकडं बघितलं. नऊवारी, कपाळावर विभूती, हातात अनारशाचा डबा. "आजी, हे कुणी भरलं?"

"आमचे शेषेराव. एसटीत होते."

मागच्या गाड्यायनी हॉर्न मारायला सुरुवात केली. साहेबानं कुणाला तरी फोन लावला. "सर, एक परदेशी पर्यटक हाय, पण मराठीत बोलायली." तिकडून काय सांगितलं कुणास ठाऊक, पण साहेबानं हसू दाबत खोडून दुरुस्त केलं आन आधार कार्ड बघून सोडलं. जावई मात्र लांब जाऊन उभे होते. हे लोक आपल्यासोबत न्हाईत असं दिसावं इतकं लांब.

मग सामान तपासायला गार्ड आला. काडीपेटी निघाली, फुलवाती निघाल्या, तूप निघालं.

"आग लावायचं सामान हाय का हे?" गार्ड म्हणाला. "उन्हाळ्यात जंगलात एक काडी पडली तर सात दिवस विझत न्हाई, काका."

"आवो, जावयाला ओवाळायचंय."

"मग भायेर ओवाळा. पण निरांजन न्हाई पेटवायचं. इथं पालापाचोळा बघा किती हाय." आन तो काडीपेटी खिशात घालून गेला.

जावयानं घड्याळ बघितलं. "मामा, काय असेल ते लवकर उरका. पहिली गाडी आत गेली की वाघ त्यांचा."

तिथंच, जिप्सीच्या चाकापाशी धुळीत पाट मांडला. अक्षराला जावयाच्या बाजूला उभं केलं. आप्पा परात घेऊन खाली बसला. गुडघे कालचे शिजलेले. तो म्हणाला, "बसा जावईबापू, बूट तेवढे काढा."

"मामा, लेस बघितल्या का? काढायला पंधरा मिनिटं, घालायला पंधरा. वरूनच करा ना. भावना महत्त्वाची."

आप्पानं वर बघितलं. नागम्मा दुसरीकडं बघून राहिली होती. अक्षरा सरळ त्याच्याकडं बघत होती आन मान हलवून न्हाई म्हणत होती. पण तिला गाडीत बसवून द्यायचं होतं ना! आप्पानं गडव्यातलं पाणी बुटावर ओतलं. एका बुटावर, मग दुसऱ्या. पंच्यानं पुसलं. चिखलात रुतलेलं पान बोटानं काढलं. मग विभूतीची तीन बोटं, लावायची कुठं? त्यानं बुटाच्या नाकावर लावली. पलीकडल्या जिप्सीतली एक बाई मोबाईलात हे सगळं घेऊन राहिली होती. "किती गोड," ती म्हणाली. आप्पाच्या साठ वर्षाच्या आयुष्यात त्याला कुणी गोड म्हणलं नव्हतं, आन म्हणलं तर हे असं.

नागम्मानं न पेटवलेलं निरांजन ओवाळलं. अनारशाचं ताट पुढं केलं.

"गाडीत ठेवा मामी, आत खायचं चालत नाही," जावई म्हणाले. मग खाली बघितलं. "मोजे ओले झाले यार."

धोंड्याबद्दल ते एवढंच बोलले.

जिप्सी आत गेली. दोन तास धूळ, सागाची वाळकी पानं आन मोर. मोर दिसला की नागम्मा हात जोडायची. गाईडनं तीनदा सांगितलं, आजी आवाज करू नका. मग एका पाणवठ्याच्या वळणावर गाईडनं बोट ओठावर ठेवलं आन गाडी बंद केली. करवंदीच्या जाळीतून तो आला. काही घाई न्हाई, काही न्हाई. बाजाराच्या दिवशी अडत्या दुकानातून भायेर येतो तसा आला.

नागम्मा कुजबुजली, पण तिची कुजबुज बी गल्लीभर ऐकू जाती. "अव्वा गं! शंकराचं आसन चालत आलं."

"शूऽ!" जावयाला कॅमेरा टेकवायला जागा मिळेना. गाडीचा दांडा हालत होता. "उशी असती तर! वाक. अक्षरा, वाक लवकर."

"काय?"

"पुढं वाक. डोकं खाली. हलू नको. श्वास घेऊ नको."

अक्षरा दोन सीटच्या मधे गुडघ्यावर डोकं टेकून वाकली. जावयानं तिच्या पाठीवर कोपर रोवलं, त्याच्यावर नळकांडं, आन खटखट, खटखट सुरू झालं. एकदा ती जरा हालली तर डाव्या हातानं तिची मान खाली दाबली. रागानं न्हाई. आपण टेबलाचा हालणारा पाय दाबतो, तसं.

वाघ पाणी प्यायला. लई वेळ प्यायला. उठला, आळस दिला, सगळ्यायकडं एकदा बघितलं आन निघून गेला. मित्र म्हणाले, असं दर्शन जन्मात एकदा. नागम्माच्या डोळ्यात पाणी. गाईड खूश. जिप्सीतल्या फक्त दोन माणसायला वाघ दिसला न्हाई. एक अक्षरा, जी खालची पत्र्याची फळी बघून राहिली होती. आन दुसरा आप्पा, जो अक्षराची पाठ बघून राहिला होता.

लग्नात त्यानं त्या पाठीवर हात ठेवून म्हणलं होतं, जा, नीट ऱ्हा. बस, एवढंच म्हणलं होतं.

गेटाच्या भायेर आल्यावर जावई एकदम दिलखुश. आप्पाला मिठी बी मारली. "मामा, तुमचा पायगुण!" आप्पानं मनात हिशेब केला, आता हीच वेळ. व्यंकटीच्या जीपमधून मोठी बॅग काढली, उचलून जावयाच्या गाडीकडं नेली. डिकी उघडी होती. आत तिपाया, पेट्या, पाण्याचे कॅन. मागच्या सीटवर दोघं मित्र पाय पसरून.

"हे काय मामा?"

"अक्षराची बॅग."

"अच्छा." जावयानं डिकीकडं बघितलं, सीटकडं बघितलं, खरोखर इचार केला. माणूस वाईट न्हाई हो, हेच तर वांदं हाय. "आज नाही बसणार मामा. आणि आम्ही सरळ नाही जात, वाटेत एका तळ्यावर पक्षी बघायचेत. तिला कंटाळा येईल. असं करा, नांदेडहून ट्रॅव्हल्स आहेत हैदराबादला. एसी, स्लीपर. मस्त पाठवून द्या." डिकी लावली, अक्षराला हात केला, आन गेले.

आप्पा तिथंच उभा. दोन्ही हातात बॅग. ठेवायची सुधरेना. शेवटी व्यंकटीनं हातातून काढून घेतली.

जीपमधी कुणी बोलेना. बोलावं म्हणून व्यंकटी म्हणाला, "सहस्रकुंड घ्यायचं का?" कुणी न्हाई म्हणलं न्हाई म्हणून त्यानं घेतलं.

सहस्रकुंडाला नदी नव्हती. काळा खडक होता, मोठमोठ्या खळग्याचा, आन मधे एक डबकं, त्यात एक म्हैस. रसवंतीवाला म्हणाला, "ऑगस्टात या काका. आता काय बघायचं इथं?" तिघं कठड्यापाशी उभे ऱ्हायले. शेषेराव म्हणले होते समोरच्याचं बोलणं ऐकू येत न्हाई, ते मात्र खरं निघालं. कुणी बोलतच नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. "पाव्हण्यायचा हाय!" आप्पाचा आवाज चिरकला. नागम्मानं देवाला हात जोडले. "आवाज मोठा करा, आवाज मोठा करा."

"मामा, आम्ही आदिलाबादला पोचलो. एक विचारायचं होतं."

"बोला की, बोला." नागम्मानं पदर डोळ्याला लावला.

"लेन्सचं टोपण सापडेना. काळं आहे, वाटीएवढं. अक्षराजवळ तर नाही ना राहिलं? जरा बघा."

अक्षरानं पर्स उघडली. वाकलेली असताना फळीवरून उचललेलं टोपण काढून बापापुढं धरलं.

"हाय," आप्पा म्हणाला.

"सुटलो! मिळत नाही मामा ते लवकर. नीट गुंडाळून कुरिअर करा, उद्याच्या उद्या."

आप्पानं खडकाकडं बघितलं. म्हशीकडं बघितलं. मग म्हणाला, "आन पोरगी?"

"काय?"

"पोरगी बी कुरिअरनंच धाडू का? नीट गुंडाळून?"

आन मग जावई हसले. मनापासून, खदाखदा. "मामा, तुम्ही पण ना! ऐका रे, मामा काय म्हणतायत." मागं मित्र बी हसायला लागले.

शिवी दिली असती तर आप्पानं सोसली असती. उलट बोलले असते तर आपलं चुकलं म्हणून माफी बी मागितली असती. पण त्या माणसाला खरंच विनोद वाटला होता.

अक्षरानं फोन घेतला. "टोपण धाडते. पत्ता तोच हाय ना? माझी वाट बघू नका."

"अगं, मी कुठं—"

"हाव, बघत नव्हताच, म्हायती हाय मला. आता मी सांगून ठेवायले, एवढंच." आन तिनं बंद केला.

नागम्मा मटकन खडकावर बसली आन भाजलेल्या खडकामुळं लगेच उठली. "आता गल्लीत काय तोंड दाखवू मी? रीत म्हणून कायी हाय का न्हाई? अवो, तुमी तरी बोला!"

आप्पाला बोलायचं होतं. धीर धर, चार माणसं घालू मधे, शेषेरावायला धाडू, पुरुषाच्या जातीला थोडं संभाळून घ्यावं लागतंय, हे सगळं जिभेवर आलेलं. त्यानं तोंड उघडलं. अक्षरा त्याच्याकडं पाठ करून पाण्याविना पडलेली नदी बघत होती. कुर्त्याला पाठीवर चुण्या पडल्या होत्या, कोपर रोवलं होतं तिथं, गोल. आप्पानं तोंड मिटलं.

"आप्पा," ती न वळता म्हणाली, "उद्या दुकान किती वाजता उघडता?"

"नऊला."

"मी येते."

"धूळ लई असती तिथं. तुरीची, हरभऱ्याची. नाकातोंडात जाती."

"जाऊ द्या."

"हमाल मोठ्यानं बोलतेत."

"बोलू द्या की. कुणीतरी बोललं पायजे."

नागम्मा रडायची थांबून दोघायकडं बघून राहिली. व्यंकटी रसाचा गिलास हातात धरून तसाच उभा.

आप्पा जीपकडं निघाला, चार पावलं गेला, परत फिरला. कडक आवाजात म्हणाला, दुकानात नव्या माणसाला बोलतो तसा, "साडेआठला तयार ऱ्हा. नऊ गिऱ्हाइकासाठी. झाडू मारायला आपल्याला आधी जावं लागतंय."